गुरुवारचं न्हाणं

आश्विन वद्य षष्ठी. दिवाळीच्या आधी मागच्या खोलीला चुना द्यायचा म्हणून सकाळपासून पदर खोचून उभी आहे. बाकीच्या भिंती सरळ निघाल्या. मोरीलगतची भिंत मात्र चुना धरत नाही. पाटावर बसलं की डोकं जिथे टेकतं, तिथे तेलाचा एक लांबट डाग आहे. त्यावर चुना फासला की वाळेपर्यंत तो नीट बसतो आणि मग पापुद्रा होऊन खाली पडतो. हा डाग एका माणसाचा नाही. आमच्या गिरगावातल्या अर्ध्या आळीच्या बायकांनी मिळून तो केला आहे, आणि त्यांना तिथे बसवणारी बाई आता वेंगुर्ल्याला असते. दुसरा हात द्यायचा तर पहिला वाळायला हवा. तोवर तिच्याविषयी लिहून ठेवते.

ती भाडेकरू म्हणून आली. नवरा आगबोटीवर खलाशी, कधी एडनला, कधी रंगूनला. घरी आला तरी पाहुण्यासारखा. खोली बघायला आली तेव्हा तिनं खिडकी पाहिली नाही की छप्पर गळतं का ते विचारलं नाही. सरळ मोरीत जाऊन उकिडवी बसली, तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठे जातं ते बघत राहिली.

"पाणी तुंबता?"

"नाही तुंबत."

"मगे खोली बरी."

थोड्याच दिवसांत तिनं कुठूनसा एक चपटा काळा दगड आणवून मोरीशी बसवला. दगडाच्या मागे भिंतीला लागून पाट, बाजूला शेगडी, तांब्याचा हंडा आणि वेताची एक मोठी टोपली. मला वाटलं, घरात लोणची-पापड घालून विकणार असेल. तर ही बायकांची डोकी धुणार होती. तेल मुरवायचं, शिकेकाईनं धुवायचं, उवा काढायच्या, तोंडाला मसुरीच्या डाळीचं पीठ आणि साय लावून मळ काढायचा, आणि शेवटी वेणी घालून द्यायची. मी म्हटलं, "अगं, ही कामं बायका घरच्या घरी करतात. त्यासाठी तुझ्याकडे कोण येईल?"

"घरात करतत, पण उरकूक करतत," ती म्हणाली. एवढंच.

दुकान थाटणारा माणूस आधी दारावर पाटी लावतो. हिनं आमची कोळीण गाठली. पहिल्या दिवशी तिला मागच्या अंगणात विहिरीच्या कठड्याशी बसवलं (तिला अंगणात बसवल्यामुळे सोवळ्याच्या घरांना पुढे बोलायला जागा उरली नाही) आणि अख्खी सकाळ तिच्या डोक्याशी झटत राहिली. मी विचारलं, गिऱ्हाईक म्हणून कोळीणच का? तर म्हणाली, माशांची पाटी डोक्यावरून उतरवायला ती दारोदार वाकते, तेव्हा प्रत्येक घरची बाई वरून तिचं डोकंच बघते. आणि झालंही तसंच. कोळीण दर दारात पाटी उतरवी आणि वेणी पुढे घेऊन दाखवी. "बघा बाय! पापलेटाचा वास गेला माझ्या केसांचा. तुमी तर नुसतं वरण-भात रांधता, तुमच्या केसांना काय धाड भरलीय?" महिनाभरात पाट रिकामा राहीनासा झाला.

तिच्या खोलीत आरसा नव्हता. येणारी प्रत्येक बाई आधी भिंतीकडे बघे आणि विचारी. तिचं उत्तर ठरलेलं होतं: "आरशात बघूक लागलास की मान हलता." वेणी घालून झाली की बाईनं उठून घरी जायचं आणि काय बघायचं ते तिथे बघायचं. माझा अंदाज असा की समोर आरसा असता तर प्रत्येकीनं काही ना काही दुरुस्ती सांगितली असती, आणि दुरुस्ती सांगितलेली तिला खपत नसे.

तिचे स्वतःचे केस म्हणजे उंदराची शेपटी. अंबाडा घातला तर सुपारीएवढा होई. एका खवचट बाईनं पाटावर बसल्या बसल्या विचारलं, "तुझं तेल इतकं गुणाचं, मग तुझ्या डोक्यावर का नाही चाललं?" ती हात न थांबवता म्हणाली, "हलवायाक पेढो गोड लागता काय गो?" त्या बाईनं पुन्हा विचारलं नाही. येत मात्र राहिली.

एक आई सावळ्या मुलीला घेऊन आली. पुढच्या आठवड्यात मुलगी दाखवायची होती, तेव्हा जरा गोरी करून दे म्हणाली. हिनं मुलीची मान वळवून पाहिली, कानामागे बोट फिरवून पाहिलं. "मी मळ काढतंय. मळ काढल्यावर जा ऱ्हवतला ता तिचा." आई चिडून उठली. मुलगी मात्र बसून राहिली, म्हणून आईला परत बसावं लागलं.

आणखी एक गोष्ट. विंचरताना गळालेला प्रत्येक केस ती गोळा करी आणि जिचा असेल तिच्यादेखत शेगडीत टाकी. आपला केस परक्या हाती पडला तर कोणी करणी करील, ही भीती आमच्याकडे शिकलेल्या घरांतही आहे. हिचा करणीवर विश्वास होता की नाही, कोण जाणे. पण केस जळेपर्यंत ती बाईला उठू देत नसे. त्या वासानं माझं स्वयंपाकघर भरून जाई. मी तक्रार केली तर म्हणाली, "बाई, ह्यो वास गेलो तर माझो धंदो गेलो."

तोंडाला तर कुलूपच. तिच्या पाटावर बसून बायका काय काय बोलत! सासूचं, दिराचं, माहेरच्या भांडणांचं. डोळे मिटलेले, डोक्यावर ऊन पाणी, समोर आरसा नाही, माणूस बोलतोच. मोरीची भिंत पातळ असल्यामुळे त्यातलं बरंच माझ्या कानांवरही पडे. पण तिच्या तोंडून कोणाचं नाव कधी बाहेर पडलं नाही. कोण आलं होतं, असं विचारलं तर "एक बाई". कशाला आली होती, तर "डोक्या धुवूक". मी एकदा म्हटलं, "अगं, मी आतच होते, मी ऐकलंय सगळं." म्हणाली, "मगे माका कित्याक विचारतास?"

एका बाबतीत मात्र ती आळीला सुरुवातीपासून खटकली. आमच्याकडे सवाष्णींनी मंगळवारी आणि शुक्रवारी न्हायचं. एरवी बाईच्या डोक्यावरून पाणी जातं ते दोनच कारणांनी. एक तर बाहेर बसल्यावर चौथ्या दिवशी, नाहीतर कोणी गेल्याची बातमी आल्यावर. हिला ते पटत नसे. तेल ज्या दिवशी मुरलं त्याच दिवशी धुतलं पाहिजे, असा तिचा हट्ट. "केसांक वार कळणा नाय," असं म्हणे आणि शनिवारी, सोमवारी, कधीही पाणी ओती.

त्यातून एकदा गंमत झाली. पोस्टातल्या एका कारकुनाची बायको शनिवारी ओले केस पाठीवर सोडून इथून घरी गेली. दुपारपर्यंत तिच्या दारात दोन घरचं पिठलं-भात येऊन पडलं. शेजारणींनी ठरवलं होतं की हिचे वडील गेले. ती सांगत्ये, "अहो, कोणी गेलं नाही," तर एक तिला जवळ घेऊन म्हणाली, "धक्क्यानं असंच होतं, बाई. रडून घे." तेव्हापासून आमची भाडेकरीण शेगडीत ऊद टाकून वर टोपली पालथी घाली, तिच्यावर बाईचे केस पसरी आणि कोरडे झाल्याशिवाय कोणालाही सोडत नसे.

आता यमुनेचं सांगते. समोरच्या घरातली ही सून. स्वभावानं गरीब, कामाला वाघ, पण लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. तिची सासू, माई, सोवळ्याओवळ्याला कडक, आणि सुनेच्या दिवसांचा हिशेब त्यांना तोंडपाठ. मुलासाठी दुसरी मुलगी बघावी म्हणून पेणच्या एका घरी त्यांनी शब्द टाकून ठेवला होता. त्या पावसाळ्याच्या शेवटी यमुनेचे दिवस वर गेले. माई कोणाला काही बोलल्या नाहीत. पण तिला सकाळी दूध मिळू लागलं, त्यावरून आळीला कळलं. तरी पेणचं बोलणं त्यांनी मोडलं नव्हतं. खात्री झाली की नको म्हणून कळवू, नाहीतर ठरवून टाकू, असा त्यांचा बेत. तिथला माणूस उत्तर घ्यायला गुरुवारी दुपारी येणार होता.

यमुनेला मध्यंतरी ताप येऊन गेला होता आणि केस मुठीमुठीनं गळत होते. बुधवारी माई दादरला कोणाच्या बारशाला गेल्या, तेव्हा ती मागच्या खोलीत येऊन बसली. तेल झालं, धुणं झालं, टोपलीवर केस पसरले न पसरले तोच समोरून माईंची हाक आली. बारशाहून त्या लवकर परतल्या होत्या. यमुना घाबरी. उठली ती तशीच पळाली, पाठीवरून पाणी गळत.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची गॅलरी समोरच दिसते. माईंनी सुनेला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"चौथ्याचं न्हाऊन आलीस?"

"नाही हो माई! तेल घातलं होतं. केस गळतात म्हणून..."

"बुधवारी? घरंदाज बाई बुधवारी डोक्यावरून पाणी घेते? दिवस गेलेत असं मला भासवलंस. बाहेरची झालीस ती चोरून ठेवलीस, आणि तसल्या अंगानं माझ्या देव्हाऱ्याशी वावरलीस! लोणच्याच्या बरणीत हात घातलास!"

"देवाशपथ नाही, माई."

"देवाचं नाव घेऊ नकोस. त्याला बाटवून झालंय."

गॅलरीच्या कोपऱ्यात तरट टाकून त्यांनी तिला बसवलं. घरात गोमूत्र शिंपडेपर्यंत उंबऱ्याच्या आत पाऊल नाही, असं बजावलं. नवरा संध्याकाळी कचेरीतून आला, सगळं ऐकून घेतलं आणि जेवायला बसला. सगळ्यांना कळत होतं की प्रश्न लोणच्याचा नाही. उद्या दुपारी पेणच्या माणसाला माई होकार देणार होत्या.

मुलगा घरी यायच्या आधी माई आमच्या अंगणात आल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला. खोलीत त्या शिरल्या नाहीत, दारातूनच बोलल्या.

"खरं सांग गं. माझ्या सुनेचं चौथ्याचं न्हाणं होतं की नाही?"

ती दगड राखेनं घासत होती. मान वर न करता म्हणाली, "माका ठाव नाय."

"डोकं धुतलंस तू आणि ठाऊक नाही?"

"डोक्या धुतलंय. कित्या ता माका विचारू नुको. मी कोणाचाच सांगणंय नाय."

माई माझ्याकडे वळल्या. "ऐकलंत? लपवायचं नसतं तर बोलली असती."

मी म्हटलं, "माई, ती कोणाबद्दलच बोलत नाही. तिच्याकडे बायका कुठल्याही वारी न्हातात."

"तुम्ही भाडेकरणीची बाजू घ्याल, नाहीतर काय कराल!" असं म्हणून त्या गेल्या.

मला तिचा राग आला. दिवेलागण झाल्यावर मी मागच्या खोलीत गेले. "नुसतं हे सांग की तेलासाठी आली होती. एका शब्दानं त्या पोरीचा संसार वाचतो."

"आज हिच्यासाठी बोललंय तर उद्या दुसरेच्या इरोधात बोलूक लागतला."

"तेव्हाचं तेव्हा बघ."

"आणि म्हातारी ऐकतली? पैशे घेवन बोलता म्हणतली. बायका माझ्याकडे येतत ता माझा तोंड बंद आसा म्हणान." मग तिनं दगडावर पाणी ओतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमी एवढ्या बोलतास. एकदा तरी माझ्या पाटार बसलास? घरात आसा, म्हणान किंमत नाय."

ते खरं होतं. तिला खोली दिल्यापासून मी एकदाही तिच्याकडे डोकं धुऊन घेतलं नव्हतं. घरात दोन हात असताना दुसरीकडून केस धुऊन घेणं मला नेहमीच रिकामटेकडेपणाचं वाटत आलं आहे.

इथे एक सांगायला हवं. यमुना खरं बोलत होती की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं. भिंतीआडून मी ऐकलं ते तेलाचं आणि तापाचं बोलणं. पण ज्या बाईच्या डोक्यावर सवतीचं भय आहे ती काय लपवील आणि काय नाही, याची हमी मी कशी द्यावी? शपथेवर विचारलं असतं तर मीही गप्प बसले असते. मला कळत होतं ते एवढंच, की ओल्या केसांवरून कोणाचा निकाल लावू नये. आणि हे माईंना सांगून पटणार नव्हतं. त्यांना हिशेब माहीत होता, आणि त्यांच्या हिशेबात ओल्या केसांना तिसरं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवून झालं आणि मी मागच्या खोलीत जाऊन पाटावर बसले.

तिनं हंड्याखालचं लाकूड आत सारलं. कधी कोणाला वार न विचारणारी बाई, पण त्या दिवशी विचारलं, "आज वार कोणतो?"

"गुरुवार."

"बरो."

अंबाडा सोडून तिनं केस हातात घेतले. "रे देवा. ह्या केसांक तेल शेवटचा लग्नात लागला काय?"

"तू धू. बोलू नकोस."

"ह्या माका कोण सांगता बघा," ती म्हणाली, आणि तेल चोळायला लागली. मी डोळे मिटले ते शिकेकाई जाते म्हणून. हात मात्र तिचे खरोखर चांगले होते, हे मान्य करायला हवं. गळालेले केस तिनं रीतीप्रमाणे माझ्यासमोर जाळले. मग टोपलीकडे हात नेला.

"टोपली नको," मी म्हटलं.

"पाणी गळतासा."

"गळू दे."

तिनं टोपली पायानं बाजूला सारली.

माझं बाहेर बसणं त्याआधीच कायमचं संपलं होतं, आणि ही गोष्ट आळीत कोणाला नवी नव्हती. श्राद्धाच्या स्वयंपाकाला, कुळधर्माच्या पुरणाला, कोणत्याही दिवशी कोणत्याही घरी हमखास मला बोलावीत. आयत्या वेळी दगा न देणारा हात म्हणून. माईंनी स्वतः सासऱ्यांच्या श्राद्धाला मलाच चुलीशी बसवलं होतं.

केस मोकळे टाकून, हातात वाटी घेऊन मी रस्ता ओलांडला आणि माईंचा जिना चढले. पाणी टपटपत होतं. चोळी पाठीला चिकटली होती. दोन-तीन खिडक्या उघडल्या. माईंच्या गॅलरीच्या कोपऱ्यात यमुना तरटावर बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. माई दारातच होत्या.

"अगबाई! कोणाचं काही बरंवाईट...?"

"कोणाचं काही नाही. डोकं धुऊन घेतलं मागच्या खोलीत."

"आज? गुरुवारी?"

"केस फार रखरखीत झालेत. तेल घातलं की त्याच दिवशी धुवावं लागतं, म्हणते ती."

माई उंबऱ्यावर पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिल्या. "पण तुम्हांला तर आता..."

"हो. मला तर आता नाही."

त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं. मग वळून कोपऱ्याकडे पाहिलं. यमुनेनं मान वर केली होती. खाली रस्त्यावर कोळीण ओरडत चालली होती, ती माडीखाली थांबली, माझ्याकडे बघून हसली आणि पुढे गेली.

"विरजण मागायला आले होते," मी म्हटलं. "आमचं काल मांजरीनं सांडलं."

माईंनी माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. ज्या बाईचा विटाळ घरात धरला आहे, तिचा हात दह्याला कोणी लावू देत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं; तो हात लागला की पेणला होकार द्यायला कारण उरत नव्हतं. शेवटी त्या दारातून बाजूला झाल्या.

"यमुने, ऊठ," त्या म्हणाल्या. "हात धू, आणि फडताळातलं विरजण काढून दे यांना."

यमुना उठली. तरट गुंडाळून भिंतीशी उभं केलं आणि उंबरा ओलांडून आत गेली. विरजण घातलेली वाटी तिनंच माझ्या हातात आणून दिली. घरी येऊन मी दूध विरजलं, आणि केस तसेच मोकळे ठेवून अंगणात उन्हाला बसले.